चौकटरावांचा हॉटेलातला मुक्काम

चौकटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चित्रांना चौकटी करून देणारा माणूस, म्हणून कुण्या चित्रकारानं चेष्टेत म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. दुकानाच्या पाटीवर खरं नाव आहे, पण पाटी वाचतो कोण! शहराच्या जुन्या भागात एक गल्ली आहे. तिथं चित्रांची दालनं आहेत, एक लहानसं नाट्यगृह आहे, जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत आणि खुर्च्या मुद्दाम एकमेकींशी न जुळणाऱ्या ठेवलेली कॉफीची हॉटेलं आहेत. त्या गल्लीच्या तोंडाशी चौकटरावांचं दुकान. दुकान कसलं, बोळच तो. एका भिंतीला लाकडी पट्ट्या उभ्या, दुसरीला काचा टेकवलेल्या, आणि मधल्या वीतभर जागेत नवराबायको.

कामाची वाटणी लग्नानंतर लगेच झाली, ती कधी बदलली नाही. पट्टी कापायची, कोपरे जुळवायचे ते चौकटरावांनी. काच बायकोची. काचेचं काम बघायला सोपं वाटतं, करून बघा म्हणजे कळेल. चित्र आत बंद झालं आणि काचेला आतून बोट उमटलेलं राहिलं, की मागचे सगळे खिळे काढून पहिल्यापासून सुरुवात. म्हणून ती काच उजेडाकडे तिरकी धरायची, तोंडाजवळ नेऊन 'हा' करून वाफ सोडायची, मऊ फडक्यानं पुसायची आणि पुन्हा तिरकी धरायची. ही सवय इतकी अंगात मुरलेली, की दवाखान्यात गेली तरी तिथल्या भिंतीवरच्या तसबिरीची काच पुसून यायची. चौकटराव चिडायचे, "अगं, लोकांच्या भिंती कशाला पुसतेस?" ती म्हणायची, "डाग दिसला की मला दुसरं काही सुचत नाही हो."

चौकटरावांना मात्र काचेपेक्षा काचेआडच्या गोष्टींचं वेड. चित्रकार मंडळी दुकानात टेकायची, तासन्‌तास बोलायची, आणि ते ऐकून ऐकून यांनाही चार भारदस्त शब्द तोंडपाठ झाले होते. चित्राचा पोत, रंगांचा संवाद, मोकळा अवकाश. कुणी नवखं गिऱ्हाईक आलं की चौकटराव त्यातला एखादा शब्द सोडून द्यायचे. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि चौकटराव हरभऱ्याच्या झाडावर. बायको खाली मान घालून काच पुसत गालात हसायची. तिनं कधी चारचौघांत त्यांची फजिती केली नाही, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

तर त्या गल्लीत एका जुन्या छापखान्याच्या इमारतीचं हॉटेल झालं. मोजक्याच खोल्या, पण प्रत्येक खोली एकेका चित्रकाराच्या नावानं सजवलेली. भिंतीवर चित्रं, कपाटात पुस्तकं, कोपऱ्यात छपाईचे जुने ठोकळे मांडलेले. लांबलांबची हौशी माणसं येऊन राहायची, दिवसा दालनं बघायची, संध्याकाळी नाटकाला जायची. तिथल्या एकूण एक चित्राची चौकट चौकटरावांच्या दुकानातली. मालकीणबाई मोठ्या मनाच्या. हॉटेलला वर्ष झालं तेव्हा त्या स्वतः दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "चौकटराव, शनिवारी तुम्ही आणि वहिनी आमच्याकडे मुक्कामाला या. पाहुणे म्हणून हं. संध्याकाळी छोटा कार्यक्रम आहे, सकाळी नाश्ता करून मगच जायचं."

बायकोला काय आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्य या गल्लीत काम करण्यात गेलं, पण संध्याकाळी कुलूप लावून शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत परत जायचं, एवढाच तिचा गल्लीशी संबंध. शनिवारी दुपारी तिनं हौसेनं सगळी दालनं पालथी घातली. ज्या चित्रांच्या काचा पुसल्या ती चित्रं पहिल्यांदाच भिंतीवर लागलेली बघत होती. एका दालनात तर ती जोरात म्हणाली, "अहो, हे बघा, आपलं चित्र! हे आपल्याकडे पावसाच्या पाण्यानं फुगून आलं होतं ना?" दोनचार माना वळल्या. चौकटराव मेल्याहून मेल्यासारखे झाले. दात आवळून म्हणाले, "हळू बोल. इथं ओरडत नाहीत."

"ओरडले कुठं? बोलले."

"तेच ते."

ती गप्प झाली. पण खोलीत आल्यावर परत खुलली. पलंगावर बसून बघितलं, गादी दाबून बघितली, न्हाणीघरातला पांढराशुभ्र टब बघून म्हणाली, "यात बसायचं की कपडे भिजवायचे?" आणि स्वतःच हसत सुटली. त्यांनाही हसू आलं. तेवढ्यापुरतं सगळं झकास होतं.

संध्याकाळी खालच्या दालनात पाहुणे जमले. चौकटरावांनी काळा बंद गळ्याचा कोट घातला होता. मुलीच्या लग्नात शिवलेला, पण त्यांना शोभायचा. पांढरे केस मागे वळवलेले, हातात सरबताचा ग्लास, एका निळ्या चित्रासमोर उभे. तिथं एक बाई आल्या. गळ्यात जाड चांदीची साखळी, आवाज मऊ, बोलणं अभ्यासू. म्हणाल्या, "तुम्ही फार वेळ या चित्रासमोर उभे आहात."

वास्तविक चौकटराव खालच्या उजव्या कोपऱ्याचा सांधा बघत होते. पण म्हणाले काय? "यातला अवकाश मला सोडत नाही."

बाईंचे डोळे चमकले. "तुम्ही स्वतः चित्रकार?"

"अं... आयुष्य कलेतच गेलं म्हणायचं."

आता हे धड खोटं नाही, धड खरं नाही. इथंच थांबायचं होतं. पण बाई विचारत गेल्या, हे सांगत गेले. या चित्रकाराला आपण कसं सुरुवातीपासून बघत आलो, तो कसा आपला सल्ला घ्यायचा, वगैरे वगैरे. सल्ला घ्यायचा तो पट्टी काळी लावू की लाकडी, एवढाच. ते मात्र सांगायचं राहिलं.

आणि नेमकी तेव्हा बायको खाली आली. साधा, धुऊन धुऊन मऊ झालेला पोशाख, केस घट्ट बांधलेले. ती नवऱ्याकडेच येत होती. पण वाटेत तिला त्या निळ्या चित्राच्या काचेवर कुणाच्या तरी बोटांचा डाग दिसला. झालं! ती थेट चित्रापाशी गेली, 'हा' करून वाफ सोडली, हातरुमाल काढला आणि पुसायला लागली. मग मान तिरकी करून उजेडात बघितलं आणि परत पुसलं.

साखळीवाल्या बाई कौतुकानं बघत होत्या. म्हणाल्या, "मावशी, बरं झालं भेटलात. आमच्या खोलीत टॉवेल कमी आहेत, जरा दोन आणून द्याल का? वरची शेवटची खोली." आणि मग चौकटरावांकडे वळून, "किती मन लावून काम करतात हो या. नाहीतर हल्ली कोण एवढं बघतं?"

बायको रुमाल हातात धरून नवऱ्याकडे बघत होती. ती आता हसण्याच्या बेतात होती, कारण तिला वाटलं, हे आता सांगतील आणि मोठा हशा होईल. सांगायला एक वाक्य पुरे होतं. 'अहो, ही माझी बायको.' पण ते सांगायचं, तर मग ती काच का पुसते हे सांगायला हवं, मग दुकान, मग पट्ट्या, मग खिळे.

"हो ना," ते म्हणाले. "कामसू माणसं आहेत इथली."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू यायचं ते आलंच नाही. तिनं रुमालाची घडी घातली. "आणते हं, बाई," म्हणाली आणि गेली.

चौकटरावांचे पायच उचलेनात. तिच्यामागे जावं, हाक मारावी, असं शंभरदा मनात आलं. बाई पुढं काहीतरी बोलत होत्या, आणि हे मूग गिळून मान हलवत होते. मनात स्वतःला शिव्या घालत होते. अरे गाढवा, जिच्या हाताखालून ही भिंत सजली, तिला तू हॉटेलची मोलकरीण केलीस? आणि मोलकरीण असती तरी काय बिघडलं असतं? बायकोच नसती का?

थोड्या वेळानं मालकीणबाई बोलायला उभ्या राहिल्या. चित्रकारांचे आभार झाले, गवंड्याचे झाले, आणि मग त्या म्हणाल्या, "आणि या सगळ्या चित्रांना ज्यांनी चौकटीत बसवलं, ते आपले चौकटराव आणि वहिनी! दोघंही पुढं या बरं." टाळ्या पडल्या. साखळीवाल्या बाईंनी आश्चर्यानं बघितलं, पण त्या हसल्या, टाळ्या वाजवायला लागल्या. भांडं फुटलं म्हणावं तर एवढंसंच. फ्रेमवाला निघाला म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. म्हणजे ज्या भीतीनं एवढं केलं, त्या भीतीला दीडदमडीचीही किंमत नव्हती!

"वहिनी कुठायत?" मालकीणबाई टाचा उंचावून गर्दीत बघत होत्या.

चौकटरावांना ती दिसत होती. अगदी मागं, स्वयंपाकघराच्या दाराशी. टॉवेल देऊन खाली येताना कुणीतरी तिच्या हातात रिकामा ग्लास दिला होता, मग दुसऱ्यानं दिला, मग एकानं तबकच दिलं असावं. ते तबक धरून ती उभी होती आणि सरळ त्यांच्याकडे बघत होती. हाक मारली असती तर सगळ्या दालनानं मागं वळून बघितलं असतं. आणि साखळीवाल्या बाई तर अगदी शेजारी उभ्या.

"तिचं... डोकं दुखतंय," चौकटराव म्हणाले. "खोलीत पडलीय."

"अरेरे," मालकीणबाई म्हणाल्या, आणि कार्यक्रम पुढं गेला. चौकटरावांना एक पुष्पगुच्छ मिळाला. तो त्यांनी पोटाशी धरला आणि मान वर करायची हिंमत झाली नाही. केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

ते खोलीत गेले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसून पायातले जोडे काढत होती. पुष्पगुच्छ कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी खिडकीत ठेवला.

"अगं," ते म्हणाले.

"थांबलं बरं का माझं डोकं दुखायचं," ती म्हणाली. आवाजात राग नाही, रडू नाही, काही नाही. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. ती चिडली असती, भांडली असती, तर चौकटरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. भांडणाची सवय होती दोघांना. हे असं काही त्यांच्या संसारात कधी झालं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय करतात हेही माहीत नव्हतं. एवढी मऊ गादी, पण त्यांना टोचत राहिली.

सकाळी त्यांनी ठरवून टाकलं. जिना उतरताना म्हणाले, "मी त्या बाईंना सगळं सांगणार आहे. सगळ्यांदेखत."

"सांगा."

"तू काहीच कसं बोलत नाहीस? चुकलं माझं. शंभरदा चुकलं."

"मला भूक लागलीय," ती म्हणाली.

नाश्त्याच्या खोलीत साखळीवाल्या बाई खिडकीशी एकट्याच बसल्या होत्या. चौकटराव बायकोचा दंड धरून थेट तिथं गेले. मुद्दाम मोठ्यानं बोलले. शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले. "बाई, ही माझी बायको. काल तुम्ही जिच्याकडे टॉवेल मागितलेत ती हीच. दुकान आमचं दोघांचं आहे. काल मला सांगायची लाज वाटली. तिचं डोकंबिकं काही दुखत नव्हतं."

बाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या ताडकन उठल्या, बायकोचे दोन्ही हात धरले. "अहो, काय म्हणू मी! मी तुम्हाला मावशी काय म्हटलं, कामं काय सांगितली... फार चुकलं हो माझं. मला माफ करा."

"तुमचं कसलं चुकलं?" ती अगदी सहज म्हणाली. बाईंचे हात थोपटून तिनं सोडवले आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "तुम्ही मला कुठं ओळखत होता?"

तिनं किटली जवळ घेतली, बाईंच्या कपात चहा ओतला, स्वतःच्या ओतला. मग तिसरा कप भरून टेबलाच्या रिकाम्या बाजूला सरकवला. चौकटराव तिथंच उभे होते. कप समोर होता, खुर्चीही होती, आणि तो चहा गार होईपर्यंत त्यांना बसता आलं नाही.