हातातला कोंबडा

नरोलीतल्या आमच्या खोल्यांच्या लायनीत दर रविवारी कोंबडीच्या रश्श्याचा वास सुटतो. मला तो अजूनही आवडतो, पण मी खात नाही.

वीस वर्षांपूर्वी, मी धुळ्याहून इथे कामाला आलो तेव्हा, कंपनीतल्या लक्ष्मीताईंनी किलवणीला त्यांच्या घरी जेवायला बोलावलं होतं. अंगणात त्यांनी घरचाच कोंबडा माझ्या हातात दिला. "धर नीट. खायचंय ना तुला? मग बघायचं पण." पिसांखाली ऊब होती आणि त्याचं काळीज माझ्या तळव्यावर धडधडत होतं. ताईंनी सुरी आणली, तसं मी तोंड फिरवलं. जेवताना फक्त नागलीची भाकरी आणि चटणी खाल्ली.

तेव्हा ताई मला निर्दय वाटल्या. मांस सोडलं ते बरंच केलं, हे मी आजही ठामपणे सांगतो. पण निर्दय त्या नव्हत्या. त्याआधी धुळ्याला इतकी वर्षं कोंबडीच्या दुकानाकडे पाठ करून कापलेल्या मांसाच्या पिशवीची वाट बघणारा मी होतो.