बाजेचे चार कोपरे

भूमितीनं माझ्यावर कसला डूख धरला होता कुणास ठाऊक. सतरा नंबरचा फॉर्म भरून, वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी घरी बसून दहावी करत होते. पहिल्या खेपेला बाकी सगळे विषय सुटले आणि गणितात आपटले. आठवीनंतर शाळा सुटलेली, नववीची भूमिती आयुष्यात आलीच नव्हती. पिरंगुटला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी चपात्या करायचे. तिथले साहेब म्हणाले होते, दहावीचा कागद आण, भट्टीपुढून उचलून तुला स्टोअरला बसवतो. बारा वर्षं त्या भट्टीपुढं उभं राहून पाय सुजायचे माझे. एवढा एक कागद हवा होता, आणि आडवा कोण आला, तर चौकोन!

दुसऱ्या परीक्षेला महिना राहिला होता. रविवारी दुपारी पडवीत बसून मी घोकत होते: समांतरभुज चौकोनाचे समोरासमोरचे कोन समान, लगतच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशी. पाठ करायचं आणि पाणी प्यायला उठलं की विसरायचं. का समान? कुणी शपथ घातली होती त्यांना? शेवटी पुस्तक फरशीवर आदळलं.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, अंगणात बाज विणायला बसल्या होत्या. जुनी दोरी सोडून टाकलेली, नुसता लाकडी सांगाडा उभा होता.

"पुस्तकाला कशापायी मारतीयास? हितं ये, बाज धर. लई तिरकी झालीया."

मी आधीच पेटलेली. टेप आणला, चारी लाकडं मापली. लांबीची दोन्ही सारखी, रुंदीचीही दोन्ही सारखी. म्हटलं, "आत्या, समोरासमोरची सारखी हायेत. बाज न्हाई, तुमची नजर तिरकी झालीया."

"व्हय गं शहाणे, लाकूड सारखंच हाय. कोपरं बघ की!"

लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणून कोपऱ्यात बसवला. सत्त्याण्णव. शेजारच्या कोपऱ्यात त्र्याऐंशी. पुढं पुन्हा सत्त्याण्णव, चौथ्यात पुन्हा त्र्याऐंशी. आत्यांना म्हटलं, जरा ढकला. त्यांनी गुडघा लावला, बाज करकरली. एकशे चार, शहात्तर, एकशे चार, शहात्तर. बाई गं! अंगावर सर्रकन काटा आला. जे पुस्तकात मेल्यासारखं पडलं होतं ते माझ्या अंगणात हलत होतं.

"त्यात काय नवल?" आत्या म्हणाल्या. "ह्या कोपऱ्यानं अंग पसरलं की शेजारच्यानं तेवढंच आकसायचं. समोरचा ह्याचाच भाऊ, त्यो ह्याच्यासंगट पसरतुया."

मग त्यांनी दोरी घेतली. या कोपऱ्यापासून त्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, मापाला गाठ मारली. तीच दोरी दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावली, तर दोन विती कमी पडली. ज्या दोन कोपऱ्यांत अंतर जास्त, तिथल्या कोपऱ्यावर त्यांनी दगडानं दणके घातले. पुन्हा दोरी, पुन्हा दणका. चौथ्या खेपेला दोन्हीकडं दोरी सारखी बसली. "आता कोपरं बघ," म्हणाल्या. मी कोनमापक ठेवला. नव्वद. चारीच्या चारी नव्वद! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं एका दोरीवर काटकोन काढला होता, आणि मी टेप घेऊन शहाणपणा करत बसले होते.

त्या दिवशी मला दम निघेना. कागदाचे वेडेवाकडे चौकोन कापले, त्यांचे चारी कोपरे फाडून टोकाला टोक लावून मांडले. दर वेळी पुरा फेरा भरला, फट म्हणून राहिली नाही. कासारसाईच्या रस्त्याला आमचं भाताचं एक खाचर आहे, त्याची एक बाजू दुसरीला भेटायला नाखूषच. त्याचेही चार कोपरे मिळून तीनशे साठच? कुणी हिशेब करून बांध घातले नव्हते, तरी? दुसऱ्या दिवशी बसच्या खिडकीतून मी खाचरामागून खाचर बघत गेले आणि माझे डोळे भरून आले. शेजारची बाई विचारत होती, घरी काय झालं का म्हणून.

मार्चात पौडच्या केंद्रावर पेपर होता. शेवटून दुसरा प्रश्न: समांतरभुज चौकोनाचे कर्ण सारखे असतील तर तो आयत असतो, सिद्ध करा. मग डोळ्यांपुढं आत्यांची दोरी आली. लिहिलं: दोन त्रिकोण घ्या, तिन्ही बाजू सारख्या, म्हणून लगतचे दोन कोन सारखे. बेरीज एकशे ऐंशी, म्हणून एकेक नव्वद.

निकाल मोबाईलवर आला तेव्हा आत्या त्याच बाजेवर तांदूळ निवडत होत्या.

"आत्या, सुटले! गणितात सुटले!"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला स्टोअर मिळणार" असं मी ओरडत होते, त्या मात्र भलतंच विचारायला लागल्या. "दोरीचं आलं व्हतं म्हनलीस न्हवं? माझ्यावानी लिवलंस?"

"व्हय, तुमच्यासारखंच."

"आन मास्तरनं बरोबर धरलं?"

"धरलं असंल की. त्याबिगर सुटले असते व्हय?"

आत्या बाजेच्या कोपऱ्यावरून हात फिरवत राहिल्या, आणि मग पोरीसारख्या हसल्या.

"मंग मी बी दहावी पास की गं!"