आडवी कबर

या सदरात लोकं लिहितात – कोणाला चिंचेखाली बाई दिसली, कोणाच्या मागं पावलं वाजली... मी वाचतो अन् हसतो. माझा जन्म गेला एमआयडीसीत, सळईच्या मिलमधी. लाल लोखंड चिमट्यात धरायचं, नजर हलली की पाय गेला. असल्या माणसाला भुताचं काय कवतिक? त्यात आम्ही ख्रिस्ती. मेलेलं माणूस प्रभूजवळ विसावतं, इकडं येऊन गप्पा मारत न्हाई, असं आमचे पाळकसाहेब सांगतात. मी तेच मानत आलो, आजबी मानतो. तरी हे लिहून राह्यलो. शाळा चौथीपातूर, चुका पोटात घाला.

जालन्यातून राजूरकडं निघालं की वस्ती संपता संपता आमच्या चर्चच्या मंडळीचं कबरस्तान लागतं. माझी बायको मार्था तिथंच हाय. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. मी त्याच दवाखान्यात, दुसऱ्या वॉर्डात, तोंडाला ऑक्सिजन लावून पडलेलो. मला कळलं तवा तिला माती देऊन झाल्ती. पाळकसाहेबबी आजारी होते. जुन्या जालन्यातल्या मुसलमान पोरांनी तिला पुरलं – तवा ते किट घालून कोणाच्याबी माणसाचं करत होते, जात-धर्म इचारत नव्हते. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे न्हाईत. पण नेमकं कुठं पुरलं, ते कोणाला सांगता येईना. मागच्या कोपऱ्यात, एवढंच. त्या कोपऱ्यात मंडळीतली बाई ती एकटीच, बाकी गडी. पुढं पावसात माती खचली, मंडळीनं मुरूम टाकून कोपरा सपाट केला, वर गाजरगवत माजलं. झालं, निशाणी गेली.

मंग मी आत जाणंच सोडलं. पाय कुठं ठेवायचा? तिच्याच छातीवर पडला तर? दर रविवारी उपासना सुटली की फाटकाशी जायचो, फुलं गजाला खोचायचो अन् घरी. लोकं म्हणायचे, म्हातारा सटकला. सटकला तर सटकला.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चर्चात तरुणांचं शिबिर भरलं. लांबलांबची पोरं-पोरी, तेरा-चौदा वर्षांची. सकाळी प्रार्थना अन् गाणी, मंग सेवा. काही शाळेची भिंत रंगवायला गेले, काही दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना जेवण वाढायला, अन् एक टोळी कबरस्तान साफ करायला. मला बिलकुल पटलं न्हाई. म्हणलं, हे येणार, फोटो काढणार अन् जाणार. रविवार नसताना फाटकाशी जाऊन उभा राह्यलो, निव्वळ शिव्या घालायला.

"अय, चपला काढा! तुमच्या बापाचं मैदान हाय का?"

"बाबा, काटे आहेत खाली," एक पोरगी म्हणली. नगरकडली, स्नेहल नाव.

"मंग काटे आधी काढा, मेल्यांवर नंतर उपकार करा."

पोरं हसली. पण काम खरंच केलं त्यांनी. गवत उपटलं, बाभळी तोडल्या. पाळकसाहेबांनी सांगून ठेवलं होतं – मागच्या कोपऱ्यात कोण कुठं ते ठाऊक न्हाई, म्हणून एका रांगीत दगडांच्या चौकटी मांडा अन् चुना मारा. तेवढाच मान. आमच्यात कबर पूर्व-पश्चिम असते, डोकं पश्चिमेला, म्हणजे प्रभू येऊन मेलेली उठतील त्या दिवशी तोंड उगवतीला. पोरांनी तशाच मांडल्या.

तेवढ्यात त्यांच्यासंगं आलेले सर ओरडले, "स्नेहल! हे काय? तुझी एकटीचीच आडवी?"

"सर, त्या आजींनी सांगितलं. म्हणाल्या, बाई, मी अशी हाय, अशीच मांड."

"कोणत्या आजी?"

"आत्ता इथं होत्या..."

सरांनी इकडंतिकडं पाह्यलं. मीबी पाह्यलं. उघडं रान झाल्तं, लपायला झुडूप राह्यलं नव्हतं. स्वयंपाकाच्या बाया चर्चात होत्या. आत जायची वाट एकच, अन् त्या वाटेवर मी सकाळपासून उभा. माझ्या देखत एकबी म्हातारी आत गेली न्हाई.

पोरगी तशीच चुन्याच्या हातानं माझ्याकडं आली.

"बाबा, इथं कलेक्टर कोण आहेत?"

"कलेक्टर त्याच्या ऑफिसात. इथं काय काम त्याचं?"

"नाही, त्या आजी म्हणाल्या, फाटकावरच्या कलेक्टरसाहेबाला म्हणावं, दारातूनच हुकूम सोडू नका, आत या."

खोटं सांगत न्हाई, मी फाटक धरून खाली बसलो.

कलेक्टर मलाच म्हणायची मार्था. मिलमधून आलो की बाजेवर बसून मी फर्मानं सोडायचो – पाणी आण, चहा टाक, खिडकी लाव. ती चुलीकडून म्हणायची, "आले आमचे कलेक्टरसाहेब." हे चारचौघांत कधी न्हाई, फक्त घरात. अन् आम्हाला लेकरू न्हाई. घरात ऐकणारं तिसरं माणूसच नव्हतं.

"कशी होती गं ती?" मी इचारलं.

"साधीच. कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, दगड हळू ठेव." पोरगी घाबरली. "बाबा, मी काही चुकीचं बोलले का?"

मार्थाबी तशीच उभी राह्यची, पण कंबरेवर हात तर सगळ्याच म्हाताऱ्या ठेवतात. त्यावर मी काय भरवसा ठेवत न्हाई. पण पोरीनं हात पुढं केला अन् मी उठलो. तिचा हात धरून आत गेलो. किती वर्षांनी! त्या आडव्या चौकटीपाशी टेकलो, अन् पोरांसमोर हमसून रडलो. एका पोरानं बाटलीतलं पाणी दिलं. फोटो कोणीच काढला न्हाई, हे सांगितलं पाह्यजे.

तरी डोकं मानंना. दुसऱ्या दिवशी गफ्फारकडं गेलो. माती देणाऱ्या पोरांतला तो एक, जुन्या जालन्यात कूलरच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याला मी आधीबी इचारलं होतं. "कोपऱ्यात, चाचा," एवढं म्हणून मान खाली घालायचा. आज सरळ म्हणलं, "गफ्फार, एखादी आडवी खणली होती का रे?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "चाचा... किसने बताया आपको?"

"आधी तू सांग."

"तुमच्याकडली पहिलीच मय्यत होती ती. आमच्या हाताला आमची सवय – उत्तर-दक्षिण. पुढची खणताना जुन्या कबरींकडं ध्यान गेलं, तवा समजलं का तुमच्यात उलटी असते. बाकीच्या बराबर केल्या. पण पुरलेल्या माणसाला वर कसं काढणार? तुम्हाला वाईट वाटंल म्हणून किसीको बोला नहीं."

"कोण होतं तिच्यात?"

"नाव न्हाई माहीत. ॲम्ब्युलन्सवाला म्हणला, बाई हाय, संभालके. माफ करा, चाचा."

"माफी काय मागतो? चहा सांग."

त्याच्या डोळ्यात पाणी, माझ्याबी. चहा थंड झाला.

पाळकसाहेब म्हणतात, पोरीनं कुठंतरी ऐकलं असंल. बरं. कोणाकडून? गफ्फारनं आजवर तोंड उघडलं नव्हतं, अन् पोरगी पहिल्यांदाच जालन्यात आल्ती. पुरलेलं मुरमाखाली दिसत नव्हतं. अन् कलेक्टर? मी लई डोकं लावलं, मला उत्तर सापडलं न्हाई. तुमच्यापैकी कोणाला सापडलं तर कळवा. न्हाई सापडलं तरी माझं काय अडलं न्हाई. मी आता रविवारी आत जातो, तिच्यापाशी बसतो, गल्लीतल्या भानगडी सांगतो.

परवा पाळकसाहेब म्हणाले, "दगड तरी रांगेत सरळ करून घेऊ. प्रभू येईल तेव्हा तोंड पूर्वेला हवं."

मी म्हणलं, "तिला मान वळवता येत न्हाई का? राहू द्या तशीच. अन् साहेब, माझी बी तिच्या शेजारी आडवीच खणा."

ते हसले, मंग चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, कमिटीला विचारावं लागेल.

म्हणलं विचारा निवांत, मला आता घाई न्हाई.