टायटनच्या सावलीतलं भोक

मेहरोत्रा साहेब काजू कतलीचा डबा घेऊन माझ्या खोलीत शिरले, तेव्हा शाहीन स्क्रीनसमोर कपाळाला हात लावून बसली होती.

"बधाई हो! होल मिल गया!" साहेबांनी एक कतली मला दिली, एक शाहीनला दिली आणि दोन स्वतःच्या तोंडात टाकल्या.

"सर, होल है या नहीं, अभी देखना है," शाहीन म्हणाली.

"देखना क्या है? ग्राफ में दिख तो रहा है!"

दिसत होतं, हे खरं. साहेब आमच्या दिल्लीच्या संस्थेचे डायरेक्टर, मी प्लाझ्मा ग्रुपची प्रमुख, आणि शाहीन मुलाणी ही माझ्या ग्रुपमधली कॉन्ट्रॅक्टवरची सायंटिस्ट. मूळची मिरजेची. साहेबांना त्या ग्राफमध्ये फाउंडेशन डेचं भाषण दिसत होतं. शाहीनला काहीतरी वेगळंच दिसत होतं, म्हणून कतली तिच्या हातातच विरघळत होती.

आधी आमचा धंदा सांगते. शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्राचं नाव टायटन. त्याला दाट वातावरण आहे, नारिंगी धुरक्याचं. दिल्लीकरांना मी सांगते, टायटन म्हणजे वर्षभर नोव्हेंबर. त्या वातावरणाच्या वरच्या थरावर ऊन पडतं, शनीकडून येणारे विद्युतभारित कण आदळतात आणि तिथल्या वायूचे तुकडे होतात. ऋणभाराचे इलेक्ट्रॉन आणि धनभाराचे आयन. या भारित वायूला प्लाझ्मा म्हणतात. शनीभोवती फिरणारं एक यान टायटनजवळून अनेकदा गेलं. ते यान कधीच शनीच्या वातावरणात जळून संपलं, पण त्याची मोजमापं जगातल्या कुणालाही वापरता येतात. आमचं पोट त्यावरच चालतं.

त्या यानावर एका दांड्याच्या टोकाला धातूचा छोटा गोळा होता. गोळ्याला ऋण व्होल्टेज दिलं की आयन त्याच्याकडे ओढले जातात. त्यातून जो करंट येतो, त्यावरून आयन किती ते काढायचं. आमच्या ग्राफमध्ये टायटनच्या मागच्या बाजूला हे आयन एकदम कमी होत होते, आणि पुढे तितकेच एकदम परत येत होते. कात्रीने कापल्यासारखं भोक.

"निसर्ग इतक्या सरळ कडा कापत नाही, ताई," शाहीन मला म्हणाली. ऑफिसात मी मॅडम. ताई फक्त कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये. तिथे आम्ही दोघी थालीपीठ खायला आणि मनसोक्त मराठी बोलायला जात असू.

"मग कुणी कापलं?"

"आपण." तिने माझी ताकाची वाटी पुढे ओढली. "हा गोळा. यावर ऊन पडलं की यातूनच इलेक्ट्रॉन उडून बाहेर जातात. बाहेर गेलेला इलेक्ट्रॉन आणि आत आलेला आयन, मीटरला दोन्ही सारखेच. म्हणून उन्हाचा हिस्सा वजा करावा लागतो. आपलं सॉफ्टवेअर तो वजा करतं. सतत."

"बरोबर आहे की."

"उन्हात बरोबर आहे. यान टायटनच्या सावलीत शिरलं की?"

मी वाटीवर तळहात आडवा धरला. "ऊनच नाही."

"आणि सॉफ्टवेअर वजा करतंय ते करतंयच, म्हणून आयन कमी दिसतात. मी प्रत्येक फेरी तपासली. भोकाच्या कडा सावलीच्या कडांवर बसतात. थोडी घट खरी असेलही, पण एवढी नाही."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी टेबलावर थाप मारली, ताक सांडलं, वेटरने डोळे वटारले. चूक सापडली की मला शोध लागल्यापेक्षा जास्त मजा येते. शाहीनला मात्र मजा येत नव्हती.

"पुढच्या महिन्यात माझा रिव्ह्यू आहे, ताई. एक्स्टेन्शन मिळालं नाही तर माझ्यापुरता शनी संपला. मिरजेच्या कॉलेजची परमनंट नोकरी सोडून आलेय मी यासाठी. अब्बा अजून फोनवर नीट बोलत नाहीत."

"मग सांगायचं की नाही, तू ठरव."

"ठरलंय. एकटीने सांगायचं नव्हतं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी फाइलवर नोट लिहिली. पुन्हा गणित होईपर्यंत घोषणा करू नये. फाइल संध्याकाळी परत आली. त्यावर साहेबांच्या हिरव्या शाईत दोन शब्द होते, 'प्लीज स्पीक'. बाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करते. याचा अर्थ 'बोलू या' असा नसतो. याचा अर्थ, तुम्ही लिहिलंत ते लिहिलंच नाहीत असं आपण दोघं समजू या.

आम्ही दोघी केबिनमध्ये गेलो.

"अनघा जी, मंत्रालय से सेक्रेटरी साहब आ रहे हैं. बैनर छप चुका है."

"सर, बैनर पर शनि है, होल नहीं. बैनर बच जाएगा."

साहेब हसले. ते नेहमी आधी हसतात. "आप मराठे लोग भी ना! पानिपत में भी जीतते-जीतते रह गए."

"सर, तब भी सप्लाई दिल्ली की तरफ से ही कटी थी."

हे मी बोलायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण त्यानंतर साहेब माझ्याकडे बघेनासे झाले. ते शाहीनकडे वळले.

"सर, एक हफ्ता दीजिए," ती म्हणाली. "सावली ओळखणारा कोड..." मध्येच मराठी आलं म्हणून ती थांबली. "शैडो पहचानने वाला कोड मैंने लिख लिया है. बस सारा डेटा दोबारा चलाना है."

"बेटा, फाउंडेशन डे एक हफ्ते बाद होता तो जरूर देता." आणि मग अगदी मऊ आवाजात, चहा विचारावा तसं, "आपका रिव्यू भी आ रहा है ना?"

फाउंडेशन डेला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सेक्रेटरी, त्यांच्यामागे बदल्यांच्या आशेवर जगणारे सगळे. साहेब सुरेख बोलले. त्यांनी टायटन फिरवला, कडी चमकवली, आणि भोक पडद्यावर आलं तेव्हा टाळ्या पडल्या. मग कुणी विचारणार नाही या खात्रीने त्यांनी विचारलं, "एनी क्वेश्चन्स?"

मी उभी राहिले. मी भडक साडी नेसून आले होते, मुद्दाम, दुरूनही दिसावं म्हणून.

"सर, मापन के समय यान धूप में था या छाया में?"

साहेबांनी पहिल्या रांगेकडे बघून हात पसरले. "मैडम, दिल्ली की आदत है आपको. शनि पर धूप कहाँ!"

सगळं सभागृह हसत सुटलं. सेक्रेटरी रुमालाने डोळे पुसत होते. विनोद चांगला होता, तो मी आजही करून दाखवते, हातवाऱ्यांसकट.

शाहीन माझ्या शेजारी उठून उभी राहिली. "सर, यहाँ का लगभग सौवाँ हिस्सा होती है," ती म्हणाली, "और उतनी काफी है." पण माइक पुढे गेला होता. चहा तयार असल्याची घोषणा झाली.

थोड्याच दिवसांत ते यान चालवलेल्या चमूतल्या एका परदेशी शास्त्रज्ञाची मेल आली. अतिशय सभ्य. अभिनंदन, आणि एक लहानशी शंका. सावलीत उन्हाची वजाबाकी बंद केली होती ना?

साहेबांनी तातडीची मीटिंग घेतली. त्यांना फार दुःख झालं होतं. डेटा कोणी तपासला? शाहीनने. मूळ ग्राफवर कुणाचं नाव होतं? शाहीनचं. मी म्हटलं की हीच शंका तिने आधी मांडली होती. साहेब म्हणाले, "रिकॉर्ड पर कुछ है?" माझी नोट फाइलवर होती, पण त्यावर 'प्लीज स्पीक' होतं. म्हणजे बोलणं झालं, विषय मिटला. रिव्ह्यूत शेरा आला, कॅलिब्रेशनमध्ये हलगर्जी. एक्स्टेन्शन नाही. मी लेखी विरोध दिला. त्याचं काय झालं असेल ते आता तुम्हीही सांगू शकाल.

शाहीनने लॅपटॉप जमा केला, कोड सर्व्हरवर व्यवस्थित ठेवला, प्रत्येक ओळीला टीप लिहून. मी म्हटलं, "कशाला एवढं नीट? डिलीट कर."

"डेटाने काय केलंय, ताई?" ती म्हणाली.

सध्या ती इथेच दिल्लीत, राजेंद्र नगरात यूपीएससी करणाऱ्या मुलांना विज्ञान शिकवते. लातूर, बीड, नंदुरबारची मुलं. शनीवर परीक्षेत प्रश्न येत नाही, त्यामुळे तो शिकवावा लागत नाही.

तिच्या कोडवरून संस्थेने दुरुस्तीचा पेपर काढला. 'स्वतःची चूक स्वतः सुधारणारी संस्था' म्हणून कौतुक झालं. लेखकांत शाहीन नव्हती, कारण नियमाप्रमाणे नोकरीत असलेल्यांचीच नावं जातात. मी माझं नाव काढून घेतलं. त्यामुळे पेपर एका ओळीने लहान झाला, बाकी काही बिघडलं नाही. त्या पद्धतीला आता आमच्याकडे 'मेहरोत्रा करेक्शन' म्हणतात.

नव्याने येणाऱ्यांना मी सगळं समजावून सांगते. गोळा, ऊन, सावली. शेवटी एवढंच बजावते, की शंका बरोबर असून भागत नाही, ती परमनंट माणसाला यावी लागते. ती मुलं हसतात आणि करेक्शन चालू करून कामाला लागतात. आकडे अगदी बिनचूक येतात. मीसुद्धा तेच वापरते.