आवळून ठेव

आमच्या बैठकीच्या खोलीत, जिथे पूर्वी शोकेस होती तिथे, गेली दोन वर्षं एक इंजिन उभं आहे. येणारा पाहुणा आधी इंजिनाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "तुम्ही कसं चालवून घेता हो?" या प्रश्नाने माझं डोकं फिरतं. चालवून घ्यायला आमचे हे काही जुगार खेळत नाहीत. इंजिन बांधताहेत. मोटार खाली ताडपत्रीखाली उभी आहे, वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि तिचं इंजिन मोकळं करून वर आणलंय, कारण आम्हाला गॅरेज नाही. इतकी साधी गोष्ट आहे.

हे बस डेपोत फिटर होते. छत्तीस वर्षं. बोलणं मोजकं, आणि तेही समोरच्याने तीनदा विचारल्यावर. पण स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय ते सांगायचे, आणि ते खरं निघायचं. खोललेला नट ज्या बोल्टचा त्याच बोल्टवर परत चढवायचा, हा यांचा धर्म. घरातही तेच. माझ्याकडे एकसारख्या अकरा बरण्या आहेत. कुठल्याही बरणीला कुठलंही झाकण बसतं. पण यांना ते खपत नाही. "ते झाकण त्या बरणीचं नाही," एवढंच म्हणतात आणि उठून बदलतात. मी यावर पुष्कळ वाद घातलाय, दगडावर डोकं आपटल्यासारखा.

अशा माणसाच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याच्या कागदावर 'हलगर्जीपणा' हा शब्द लिहिला गेला. एका बसच्या इंजिनाचं तेल भर चढावर गळून गेलं, इंजिन जाम झालं, चाळीस माणसं दोन तास उन्हात उभी राहिली. कोणाला काही लागलं नाही, पण चौकशी झाली. तेलाचा खालचा बोल्ट आवळलाच नव्हता म्हणे. त्या बसवर दोघांनी काम केलं होतं, यांनी आणि उस्तादांनी. उस्ताद म्हणजे ज्यांनी यांना काम शिकवलं ते. सगळा डेपो त्यांना उस्तादच म्हणायचा, आणि निवृत्त झाल्यावरही रोजंदारीवर कामाला बोलवायचा. चौकशीत हे म्हणाले, "बोल्ट माझ्याकडून राहिला." सही केली. निरोप समारंभही झाला नाही. डबा घेऊन रोजच्यासारखे घरी आले आणि म्हणाले, "उद्यापासून डबा नको."

मी डेपोवर किती भडकले असेन ते माझं मला ठाऊक. यांच्यावरही भडकले. "छत्तीस वर्षांत एक बोल्ट राहिला तर एवढं?" मी म्हणायची. हे उठून एखाद्या बरणीचं झाकण बदलायचे. त्यानंतर दर रविवारी उस्ताद आमच्याकडे येऊ लागले. ठरलेला रिक्षावाला त्यांना दाराशी सोडायचा. खुर्चीत बसायचे, मी केलेला चहा प्यायचे आणि जाताना यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "होतं असं. माणसाचा हात चुकतो एखाद्या वेळी." मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस आहे. दुसरा कप द्यायची मी त्यांना. आता ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मोटार यांनी भंगारवाल्याकडून आणली ती याच्यानंतर वर्षभराने. का आणली हे सांगितलं नाही, पण मला न कळायला काय झालं? यांना स्वतःला दाखवायचं होतं की हात अजून आहे. सगळा स्क्रू न् स्क्रू एकट्याने खोलायचा, एकट्याने बसवायचा, आणि ते इंजिन चालू करायचं. ते चालू झालं असतं तर तो शब्द खोटा ठरला असता. डेपोसाठी नाही, यांच्यासाठी.

आणि ते मी बिघडवलं.

तेव्हा हे दोन दिवस नणंदेकडे गेले होते, तिचं ऑपरेशन होतं. जेवणाच्या टेबलावर चार दांड्या मांडलेल्या होत्या. एका टोकाला पिस्टन लागतो, दुसऱ्या टोकाला अर्धगोल टोपी असते, आणि दांडी आणि टोपी मिळून इंजिनातल्या मोठ्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, मिठी मारतात. टोप्या दांड्यांवर नुसत्या ठेवल्या होत्या, नट अर्धवट. प्रत्येकीवर यांनी खडूने आकडा घातला होता. डेपोत खडूच वापरायचे. कारखान्याने कोरलेले आकडे आधीच्या कोण्या शहाण्याने घासून टाकले होते. दुपारी यांचा फोन आला. हॉस्पिटलातला गलका, आवाज तुटत होता. हे म्हणाले, "अगं, टेबलावरच्या त्या टोप्या जरा आवरून ठेव."

मला काय, आवरणं सांगायला नको. मी शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेचं सामान धुऊन, पुसून, आकाराप्रमाणे लावलंय. संध्याकाळी माझा भाऊ आणि वहिनी जेवायला यायची होती, टेबल हवंच होतं. मी चारही टोप्या काढल्या, साबणाने खडूसकट लख्ख घासल्या, कोरड्या केल्या आणि एका डब्यात ठेवल्या. दांड्या पुसून ड्रॉवरमध्ये. नट मोजून बाटलीत. माझं मलाच कौतुक वाटलं.

हे परत आले, डबा उघडला, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान आवरलंस." लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्या आवरण्याला छान म्हणायची यांची पहिली वेळ. मी खूश.

पुढचे तीन आठवडे हे त्या दांड्यांशी झगडत होते. बसवायचे, नट आवळायचे, क्रँक फिरवून बघायचे. फिरायचा नाही. पुन्हा खोलायचे. एका रविवारी उस्तादांसमोरच यांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "माझा हात गेला. आता हे होणार नाही माझ्याच्याने. भंगारात देतो." उस्तादांनी मान हलवली. "होतं असं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी यांनी भंगारवाल्याला फोन केला आणि शनिवारी गाडी घेऊन जायला सांगितलं.

मी मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी असते, पण लहानपणी शाळा सुटली की डेपोत बापाजवळ बसून अभ्यास करायची. मी तिच्यापाशी यांच्या नावाने खडे फोडत होते, की बघ, सगळं इतकं नीट लावून दिलं, टोप्यासुद्धा मी स्वतः घासून डब्यात ठेवल्या, तरी हात टेकले म्हणतात. तिने मला मध्येच तोडलं.

"आई, कुठल्या टोप्या?"

"दांड्यांच्या. तेच म्हणाले होते ना, आवरून ठेव."

"आई," ती म्हणाली, "बाबा 'आवळून ठेव' म्हणाले असतील. नट आवळून. म्हणजे अदलाबदल होऊ नये. दांडी आणि टोपी एकत्रच कापलेली असते गं. एकीची टोपी दुसरीला लागतच नाही. ते त्यांना डबा उघडल्या उघडल्या कळलं असणार."

मी फोन ठेवला आणि बाहेरच्या खोलीत आले. हे इंजिनावर चादर घालत होते.

"तुम्ही आवळून म्हणाला होतात?"

यांनी चादरीची घडी नीट केली. "जाऊ दे ना."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तुला वाईट वाटलं असतं."

मी आयुष्यात इतकी संतापले नसेन. मला वाईट वाटू नये म्हणून या माणसाने स्वतःचा हात गेला म्हणून जाहीर केलं? चारचौघांत? आणि मी काय काचेची आहे? माझी चूक मला सांगितली असती तर मी रडले असते, भांडले असते, आणि मग आपण दोघं मिळून काहीतरी केलं असतं. माझी चूक परस्पर उचलून स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा यांना अधिकार कोणी दिला? हे सगळं मी बोलले, आणि याहून बरंच. हे ऐकत उभे होते, खाली मान घालून. डेपोच्या चौकशीतही असेच उभे राहिले असतील, असं माझ्या मनात आलं, आणि मी बोलता बोलता थांबले.

"तो बोल्ट," मी म्हटलं. "तोही तुमचा नव्हता."

यांनी चादरीची तीच घडी पुन्हा नीट केली.

"उस्तादांचा होता."

मग म्हणाले, "त्यांना दिसत नव्हतं. दोन वर्षं झाली होती. हाताने चाचपून काम करायचे. कोणाला सांगितलं नव्हतं त्यांनी."

"आणि ते तुम्हाला म्हणतात, हात चुकतो?"

"त्यांना तसं म्हणावं लागतं."

का लागतं? दर रविवारी माझ्या घरात येऊन, माझा चहा पिऊन, माझ्या नवऱ्याला क्षमा करत होता तो माणूस. आणि मी दुसरा कप देत होते. मी यांना म्हटलं, "आधी मला म्हणा, चूक तुझी आहे."

"आता कशाला?"

"म्हणा."

यांनी तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. चौथ्यांदा म्हणाले, "चूक तुझी आहे." आणि घामच पुसला.

भंगारवाल्याला मीच फोन करून नको म्हणून सांगितलं. मग आम्ही टेबलावर चार दांड्या आणि चार टोप्या घेऊन बसलो. जोडी खरी असेल तर सांध्यावरून नख सरळ जातं, खोटी असेल तर बारीकशी अडखळण लागते. यांच्या नखांना तेलाने आणि पत्र्याने काही कळेनासं झालंय. मला कळत होतं. मी "नाही" म्हणायची, हे टोपी फिरवायचे, मी पुन्हा "नाही" म्हणायची. चार दिवस लागले. शनिवारी यांनी नट आवळले आणि क्रँक दोन बोटांनी फिरवला. फिरला. हे हसले नाहीत, पण दहा वेळा फिरवून बघितला.

रविवारी उस्ताद आले. मी चहा केला. न करण्याचा विचार होता, पण केला. ते खुर्चीत बसले, इंजिनाच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "मग, गेलं का भंगारात? वाईट वाटून घेऊ नकोस. होतं असं. हात चुकतो."

मी यांच्याकडे बघितलं. मी ठरवलं होतं की मी एक अक्षर बोलणार नाही. बोलायचं असेल तर यांनी बोलायचं, नाहीतर जन्मभर असंच.

हे क्रँकवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "माझा हात चुकला नव्हता. टोप्या बदलल्या होत्या."

"कोणी?"

"हिने."

दोष लागल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. उस्तादांनी मान हलवली, पण नेहमीसारखी नाही. कप हातातच राहिला. मग त्यांनी विचारलं, "आणि तेव्हा?"

यांनी क्रँक अर्धा फेरा फिरवला. मला वाटलं, संपलं, परत गिळलं यांनी.

"तेव्हाही नव्हता चुकला, उस्ताद," हे म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," उस्ताद म्हणाले. "मी रोज वाट बघतो रे, तू कधी म्हणशील त्याची. माझ्याच्याने होत नव्हतं." मग माझ्या हातातल्या कपबशीचा आवाज येत होता तिकडे तोंड वळवून म्हणाले, "वहिनी, उद्या मला डेपोत कोणी नेईल का? मला एकट्याला रस्ता दिसत नाही."

माझा राग काही गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. पण मी म्हटलं, "मी नेते."