पडताळा मॅडम

कुणी काही जपून ठेवलंय असं म्हणालं, की मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "उघडून बघितलं का?" शिपाई चावी जागेवर आहे म्हणाला तरी हेच, प्राचार्य फाइल कपाटात आहे म्हणाले तरी हेच. एकदा बोलता बोलता मी म्हटलं, माझ्या मुलीचा जन्मदाखला घरी ट्रंकेत अगदी नीट ठेवलाय. त्या कीबोर्डवरून हात न उचलता म्हणाल्या, "ताई, ठेवलं म्हणजे राहिलं असं न्हाय. आज घरी गेलं की ट्रंक उघडा." मी उघडली. दाखल्याला कसर लागून नावाचा निम्मा भाग गेला होता.

मुलांनी त्यांचं नाव ‘पडताळा मॅडम’ ठेवलं ते या सवयीमुळं. धाराशिवच्या आमच्या महाविद्यालयात त्या कॉम्प्युटर ऑपरेटर होत्या, कंत्राटी. मी ग्रंथालयात सहायक. ग्रंथालयाला लागून जिन्याखाली एक अरुंद खोली होती, तिथं त्या बसायच्या. वरून मुलं धडधडत उतरली की त्यांच्या टेबलावर चुन्याचे कपचे पडायचे. त्या ते फुंकरीनं उडवायच्या आणि पुढं टाइप करत राहायच्या.

त्यांच्या पडद्यावर चित्रं नसायची. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. माउस त्यांनी फडक्यात गुंडाळून खणात टाकलेला. नवीन आलेल्या एका प्राध्यापकांनी मशीन बिघडलंय समजून वायरमनला बोलावलं होतं. मी एकदा विचारलं, तुम्हाला हे टाइप करत बसायचा कंटाळा येत नाही का? म्हणाल्या, "बोट दाखवून सांगितलेलं काम उद्या आठवत न्हाय. लिहून सांगितलं की काय केलं ते मागं कागदावर राहतं." त्यांच्याकडं एक रजिस्टर होतं. आज कोणती कमांड दिली, मशीननं काय उत्तर दिलं, सगळं त्यात निळ्या शाईत.

त्या मूळच्या उमरग्याच्या. हायवेला त्यांच्या वडिलांचं ट्रकच्या वायरिंगचं दुकान होतं. शिक्षण सातवीपर्यंत उर्दू शाळेत, मग मराठीत, मग डिप्लोमा. पडताळ्याची ही खोड कुठून लागली हे त्यांनी एकदाच सांगितलं. "अब्बांनी एकदा एका ट्रकचा दिवा जोडला. घाई होती, लावून बघितला न्हाय. ट्रक हैदराबादच्या वाटेला लागला." एवढंच म्हणून त्या पुन्हा टाइप करायला लागल्या.

महाविद्यालयात इतिहासाचे एक सर होते. निवृत्तीला आलेले, धोतर नेसणारे, खांद्याला कायम टेपरेकॉर्डरची पिशवी. एसटीनं ते जिल्हाभर हिंडले होते आणि गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करून त्यांच्या कॅसेटी भरल्या होत्या. निजामाचा काळ, बहात्तरचा दुष्काळ, भूकंप, लग्नं, विहिरी, भांडणं. एक दिवस ते लोखंडी पेटी घेऊन जिन्याखाली आले. "मॅडम, ह्या टेपा आता चिकटायला लागल्यात. मशीनमध्ये घेता येतील का?"

त्या हो म्हणाल्या, आणि त्यांचं सगळं आयुष्य त्या पेटीत गेलं. तासाभराची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तासभरच लागतो. दुसरं कुणी कॅसेट लावून चहाला गेलं असतं. मॅडम कानाला हेडफोन लावून प्रत्येक शब्द ऐकत बसायच्या. मध्येच हसायच्या, मध्येच ओढणीनं डोळे पुसायच्या. सर म्हणाले, खोकले वगैरे कापून टाका, फाइल लहान होईल. त्यावर त्या म्हणाल्या, "सर, खोकला पण त्यांचाच आहे की."

अडीच वर्षं ते चाललं. मग त्यांनी ते सगळं बांधायला घेतलं. ‘टार’ नावाची एक कमांड असते, ती शेकडो फायलींचं एकच गाठोडं बांधते. गाठोडं दाबून लहान करायचं, मग डीव्हीडीवर मावेल एवढ्या तुकड्यांत कापायचं. प्रत्येक तुकड्याचा एक लांबलचक आकडा मशीनकडून काढून घ्यायचा. तुकड्यातलं एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा बदलतो. त्या त्याला अंगठा म्हणायच्या. सगळ्या तुकड्यांचे अंगठे रजिस्टरात उतरवलेले होते. तीन प्रती केल्या. एक कपाटातल्या हार्ड डिस्कवर, एक महाविद्यालयाच्या सर्व्हरवर, एक डीव्हीडींवर. डीव्हीडी सरांच्या उमरग्याच्या घरी. "आग लागली तर तिन्ही गावं एकदम जळणार न्हाईत," म्हणाल्या. गावं दोनच होती, पण त्यांचा हिशेब त्यांना पटलेला होता. कॅसेटी तेव्हाच बुरशीनं गेल्या होत्या. महाविद्यालयाच्या बांधकामाच्या वेळी पेटीसकट टाकून दिल्या तेव्हा कुणालाच वाईट वाटलं नाही. मशीनमध्ये होतं ना सगळं.

दर दिवाळीच्या सुट्टीत, बाकीचे गावी गेले की त्या एकट्या येऊन तिन्ही प्रतींचे अंगठे जुळवून बघायच्या. सुट्टीची हजेरी कंत्राटी माणसाला मिळत नसते.

मग महाविद्यालयानं कॉम्प्युटरचं सगळं काम एका एजन्सीला दिलं आणि मॅडमचं कंत्राट पुढं वाढलं नाही. निरोपसमारंभ झाला नाही, कारण ज्याची नेमणूकच अकरा-अकरा महिन्यांची, त्याला निरोप कसला. त्यांनी चार पानं लिहून काढली. काय कुठं आहे, कुठल्या कमांडनं तुकडे जोडायचे, कसं उघडायचं. एजन्सीच्या इंजिनिअरनं न वाचता सही केली. त्या उमरग्याला परत गेल्या आणि एका दवाखान्यात केसपेपर टाइप करू लागल्या.

तीन वर्षांनी, उन्हाळ्यात, येणेगूरहून मंदाबाई ग्रंथालयात आल्या. पन्नाशीच्या, ऊन लागून चेहरा रापलेला, पायात प्लास्टिकची चप्पल. आई सोजरबाई वर्षापूर्वी गेलेली. कुणाकडून तरी कळलं होतं, की एका मास्तरनं आईला बोलतं करून रेकॉर्ड केलं होतं. "फोटू बी न्हाय ओ तिचा," त्या म्हणाल्या. "एक आधारकार्डावरचा हाय, त्यात ती तिच्यासारखी दिसतच न्हाय. आवाज तेवढा ऐकवा."

मी मॅडमना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या हजर. अंगठ्यांचं रजिस्टर पिशवीत. ते त्यांनी सोबत नेलं होतं हे मला तेव्हा कळलं.

कपाटात हार्ड डिस्क नव्हती. इंजिनिअर भला माणूस होता, त्यानं काही लपवलं नाही. "मॅडम, गेटच्या कॅमेऱ्याला डिस्क लागत होती. ह्यातलं काहीच उघडत नव्हतं. सगळ्या फायलींचं नाव एकच, शेवटी नुसतं एए, एबी, एसी. डबल क्लिक करून बघितलं, नाही उघडलं. मला वाटलं करप्ट आहे. फॉरमॅट मारली."

जुना सर्व्हर भंगारात गेला होता. क्लाउडवर ऑफिसची पत्रं तेवढी चढवली होती. कॅमेऱ्याची डिस्क आम्ही काढून सोलापूरला डेटा काढून देणाऱ्याकडं नेली. आठवड्यानं त्यानं जे निघालं ते पाठवलं. रिकामं गेट, गेटजवळ झोपलेली कुत्री, आणि परत रिकामं गेट.

राहिल्या डीव्हीडी. सर दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या सूनबाईंनी माळ्यावरून खोकं काढून दिलं. वर पत्रा, उमरग्याचं ऊन. डीव्हीडींचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटला होता. एकेक लावून बघितली. पहिली वाचली गेली, चौथी वाचली गेली. बाकीच्यांवर मशीन नुसतं गुरगुरलं.

मॅडमनी पहिल्या तुकड्याचा अंगठा रजिस्टराशी ताडून बघितला. जुळला. उघडायची कमांड दिली. काळ्या पडद्यावर नावं येऊ लागली. फायली गावांच्या नावानं इंग्रजी क्रमानं लावल्या होत्या, म्हणून आधी अणदूर, मग अपसिंगा. मी खुर्चीवरून उठलेच. आणखी दोनतीन नावं आली आणि पडदा थांबला. खाली एक ओळ उमटली, फाइल मध्येच संपली आहे. दुसरा, तिसरा तुकडा नाही म्हटल्यावर चौथा असून नसल्यासारखा. गाठोड्याची गाठ एकच होती. येणेगूर त्या यादीत सगळ्यात शेवटी.

मॅडमनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "साध्या फायली ठेवल्या असत्या, एकेक सुट्टी, तर त्या पोरानं डबल क्लिक केल्यावर एखादी म्हातारी बोलली असती. मग त्यानं पुसलं असतं का ताई? मीच त्यांची तोंडं बांधली." मी म्हटलं, तुम्ही रीतसर केलं होतं. त्या म्हणाल्या, "व्हय. रीतसरच केलं."

मंदाबाईंना सांगायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं नाही. ग्रंथालयातल्या लांब टेबलाशी त्यांना बसवून स्वतः सांगितलं. मी शेजारीच होते.

"म्हंजी आई त्यात नव्हतीच का?"

"होती. मी ऐकलंय तिला. सगळं."

"मग तुमीच सांगा काय म्हनली ती."

मॅडमनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात सोजरबाई खडी फोडायच्या कामावर होती. तिथंच मंदी जन्मली. चौथ्या दिवशी परत कामावर. अंगावर दूध नव्हतं, पोर रडून रडून निळी पडायची. एका दुपारी सोजरबाईनं तिला खडीच्या ढिगाआड ठेवलं आणि चालायला लागली. दहा पावलं गेली. मग मागं फिरली.

मंदाबाईंनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडावर घेतला, पुन्हा खाली केला. "आपनहून फिरली?"

"व्हय. आपणहून."

"मोजली व्हती का तिनं पावलं? धाच म्हनली?"

"दहाच म्हणाली."

जाताना मंदाबाईंनी मॅडमचा फोन नंबर लिहून घेतला. त्यानंतर त्या महिन्यातून एकदोनदा फोन करायच्या. काही नवीन विचारायच्या नाहीत. तेच सांगा म्हणायच्या, पावलांचं. मॅडम सांगायच्या.

पुढच्या वर्षी मी लग्नाला उमरग्याला गेले तेव्हा दवाखान्यात डोकावले. मॅडम वाळल्या होत्या. मूत्रपिंडाचं दुखणं निघालं होतं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. केसपेपरचं काम तरी चालूच. आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. समोर हायवेवरून ट्रक जात होते.

"ताई," त्या म्हणाल्या, "मंदाबाईचा फोन मी आता घेत न्हाय."

"का?"

"सोजरबाई दहा पावलं गेली म्हणाली, हे पक्कं. पुढं टेपमध्ये ती थांबली होती. पाणी प्यायली. मग काय म्हणाली? मी मागं फिरले म्हणाली, का मुकादमानं हाक मारली म्हणाली, ए बाई, पोर राहिलं? दोन्ही मला तिच्याच आवाजात ऐकू येतंय. इतक्यांदा सांगितलं, की आता त्यातलं तिचं किती आणि माझं किती, कळत न्हाय."

"तिला बरं वाटतं ना. सांगत राहा."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. मी त्यांना कधी ओळखलंच नव्हतं, तसं. "कुठं बघू मी आता ते?" त्या म्हणाल्या. "कशाशी जुळवू?"

त्यांच्याशी तेच शेवटचं बोलणं झालं. पावसाळा संपता संपता त्यांच्या भावाचा फोन आला. "ताई, आपा गेली. सकाळी." दुपारी दफन झालं. मी पोचेपर्यंत माणसं हात धुऊन परत फिरली होती. भावानं मला रजिस्टर दिलं. आता ते ग्रंथालयात माझ्या कपाटात आहे. पानापानांवर निळ्या शाईतले आकडे आहेत, नसलेल्या फायलींचे.

अणदूर-अपसिंग्याची चारपाच माणसं तेवढी ऐकू येतात. त्यांच्या घरच्यांना मी निरोप धाडले. एकाच घरून कुणी आलं. थोडं ऐकलं आणि म्हणाले, हा आमचा आजा वाटत न्हाय. असेल म्हणा.

मागच्या आठवड्यात मंदाबाईंचा फोन आला. मॅडम फोन घेत नाहीत, काही रागावल्या का, म्हणून विचारत होत्या. मॅडम गेल्याचं मी सांगितलं.  पलीकडं कुठं तरी शेळी ओरडत होती.

"मला म्हनल्या व्हत्या त्या," मंदाबाई म्हणाल्या, "आई आपनहून फिरली म्हनून. तुमी बी तितंच व्हता की तवा. व्हय ना?"

"होते," मी म्हणाले. "मी तिथं होते."