बसवा सिस्टर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी बसवा सिस्टरचं नाव घेतो. हे त्यांचं खरं नाव नव्हे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि आम्ही त्यांना भोकरहून नांदेडच्या दवाखान्यात आणलं. पहिल्याच दिवशी वॉर्डाच्या दारातून दणदणीत आवाज आला, "बसवा!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सिस्टर उदगीरकडच्या, तिकडे बसवा, बसवराज ही नावं घरोघर. एखाद्या वॉर्डबॉयला हाक मारत असतील, असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी धीर करून म्हणालो, "सिस्टर, बसवा आजपण आलेला दिसत नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, पेशंटला बसवा म्हणायलेय मी! आडव्या माणसाला नळीतून दिलं तर ते फुप्फुसात जाईल." सारा वॉर्ड हसला. अण्णांचा अर्धा चेहरासुद्धा हसला.

अण्णांना गिळता येत नव्हतं. नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली होती आणि पाणी, दूध, औषध सगळं तिच्यातूनच जायचं. घरी न्यायचं तर हे मला यायला हवं होतं. घरात मी पहिला पदवीधर. मी नवी वही आणली, समास आखला आणि "आवश्यक साहित्य" असं लिहून खाली रेघ ओढली : मोठी सिरिंज, बारीक गाळणी, झाकणाचं भांडं, कोमट पाणी, चिकटपट्टी. सिस्टरनी वही हातात घेतली, अक्षराचं कौतुक केलं आणि मिटून माझ्या खिशात कोंबली. "ओ ग्रॅज्युएट, ही परीक्षा लिहून न्हाई, करून हाय."

पहिल्या परीक्षेत मी नापास झालो. वरण सिरिंजमध्ये ओतलं, ते हलेना, म्हणून दट्ट्या दाबायला गेलो. त्यांनी मनगटच धरलं. "ढकलायलाव कशाला? दट्ट्या काढा, सिरिंज वर धरा. त्याच्या चालीनं जाऊ द्या. तुम्ही जेवताना कुणी मागून ढकलतं का?" वरण जाड होतं. त्यांनी त्याचा वास घेतला आणि माझ्या मायकडे वळल्या. "फोडणी घातलीव?"

माय ओशाळली. "जिरं-लसणाशिवाय त्यांनी कधी वरण खाल्लंच न्हाई, बाई."

"नळीला चव नसती, माय."

"वास तर येईल की."

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी मायला नवा कायदा सांगितला : वरण पातळ, दोनदा गाळून, नळीत; फोडणी वाटीत, अण्णांच्या उशाशी. तेव्हापासून अण्णा वाटीकडे बघत जेवायचे.

सिस्टरचा दुसरा मंत्र होता "खूण?" नाकाशी नळीवर शाईची खूण होती. ती जागेवर आहे का, हे बघितल्याशिवाय थेंबही द्यायचा नाही. मग सिरिंजने ओढून पोटातलं येतं का बघायचं, आधी पाणी, मग जेवण, शेवटी पुन्हा पाणी, आणि नंतर तासभर अण्णांना आडवं करायचं नाही. त्या मला जिन्यात गाठायच्या, चहाच्या गाड्यावर गाठायच्या आणि नमस्काराऐवजी विचारायच्या, "खूण?"

घरी आणल्यावर एका सकाळी अण्णांना जोराचा खोकला आला. मी बघितलं, तर नळी बाहेर सरकून खूण नाकापासून चार बोटं खाली लोंबत होती. माय गाळलेलं दूध घेऊन उभी. "कालच्या सांजेपासून उपाशी हायेत रे. हळूच दे की थोडं." अण्णा माझ्या हातातल्या सिरिंजकडे बघत होते. स्वतःच्या बापाला जेवू घालायचं नाही म्हणणं किती जड जातं, ते त्या दिवशी कळलं. मी सिरिंज खाली ठेवली आणि जीप सांगितली. भोकर ते नांदेड माय माझ्याशी बोलली नाही.

डॉक्टरांनी नवी नळी घातली. सिस्टर मायच्या शेजारी बसल्या. "दूध दिलं असतं ना, माय, तर ते पोटात गेलं नसतं." मग भरलेली सिरिंज माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "घ्या. आता झालात ग्रॅज्युएट."

पुढे त्यांची लातूरला बदली झाली. मी तिकडे हे पत्र पाठवलं :

आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार. तुमचं पूर्ण नाव वॉर्डातल्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बसवा सिस्टरच की." पाकिटावर तेच लिहिलं आहे. लातूरचा वॉर्डही एव्हाना तुम्हाला याच नावाने ओळखत असेल, म्हणून पत्र पोचेल.

डॉक्टरांनी गिळणं तपासून अण्णांची नळी काढली. आधी चमच्याने पेज दिली, आता दुधात कुस्करलेली भाकर चालते. परवा मायने फोडणीचं वरण भरवलं. अण्णांनी डोळे मिटून पहिला घास गिळला आणि अडखळत म्हणाले, "लसूण कमी हाय." माय आधी रडली, मग भांडली.

नळी निघाल्यापासून ते उशीला रेलूनच जेवायचा हट्ट धरतात. मग माय चुलीपासून तुमच्याच आवाजात ओरडते, "बसवा!" शेजारी विचारतात, हा बसवा कोण? मी सांगतो, आमच्या घरातलंच माणूस आहे, सध्या लातूरला असतं.

तुमचा,
ग्रॅज्युएट